बाटलीवरची सही

शुक्रवार, २१ मार्च
सकाळी साडेदहा

चि. ढब्बू,

सोमवार, ३ मार्च, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तुझ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सात नंबरच्या टँकरमधल्या तेलाचा नमुना तपासला गेला, ते तेल 'वापरलेलं खाद्यतेल' म्हणून पास झालं आणि राखीव बाटलीच्या सीलवर माझी सही लागली. तारीख, वेळ, सही, सगळं जागच्या जागी आहे. फक्त मी जागेवर नव्हते. त्या वेळी मी हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर तुझ्या बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. दोन वाजून बावन्न मिनिटांनी ते गेले. तीही वेळ कागदावर आहे.

संचालक झालेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझं व्हिजिटिंग कार्डावरचं नाव लिहायला हात धजेना, आणि 'प्रिय' लिहायला त्याहून धजेना.

काल मी एप्रन आणि किल्ल्या परत करायला कारखान्यात आले होते. तू मीटिंगमध्ये होतास. बाहेर बसवून मला चहा दिला, पाहुण्यांना देतात तसा, बशीसकट. चहा संपला, मीटिंग संपेना, म्हणून मी उठून राखीव बाटल्यांचं कपाट एकदा नजरेखालून घातलं. सवय आहे. एप्रन परत केला म्हणून सवय परत करता येत नाही.

त्या कपाटाची पद्धत मीच घालून दिली, हे तू विसरला असशील तर आठवण देते. टँकर गेटबाहेर उभा राहतो. त्यातून दोन बाटल्या काढतात. एक तपासणीत संपते. दुसरीला लेबल लावून, सील करून, तपासनीसाची सही घेऊन नव्वद दिवस कपाटात ठेवतात. पुढे कोणी शंका काढली तर माणसांच्या आठवणीवर विसंबायला नको, बाटली उघडायची. विमानतळाच्या इंधन प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मी हेच केलं. तुझ्या कारखान्यात जुन्या तळणाच्या तेलापासून विमानाचं इंधन करायचं ठरलं, तेव्हा तूच म्हणालास की आई, तुझ्यासारखी खवट बाई गेटवर हवी, नाहीतर लोक काहीही आणून ओततील.

ती सही मी तिथे केलेली नाही. त्या टँकरमध्ये काय होतं आणि तो कोणी पास केला, हे मला लेखी हवं आहे. फोन करू नकोस. फोनवर तू 'आई, ऐक ना' म्हणतोस आणि मग मीच ऐकत बसते.

आई
(स्वतंत्र तपासनीस, असं तुझ्याच नेमणूकपत्रात छापलं आहे.)


गुरुवार, २७ मार्च

चि. ढब्बू,

लेखी मागितलं होतं, सूनबाई आली. सोबत सफरचंदं होती. ती सोफ्याच्या कडेवर बसली, पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही, आणि पाठ केल्यासारखं सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. सही माझीच आहे. हवं तर कोणत्याही अक्षरतज्ज्ञाला दाखवावी. मी सध्या दुःखात आहे, अशा वेळी माणसाच्या मनात नको ते येतं. मी काही दिवस विश्रांती घ्यावी, गोळ्या वेळेवर घ्याव्यात. सोळा एप्रिलला विमान कंपनीची तपासणी आहे, तोवर तरी मी कोणाकडे काही बोलू नये.

तिचं बोलून झाल्यावर मी विचारलं, यातलं तुझं किती आणि त्याचं किती. म्हणाली, "आई, सफरचंदं माझी."

मला ती मुलगी पहिल्यापासून आवडते.

दुःखाचं म्हणशील तर मला अजून रडू आलेलं नाही. येईल, असं डॉक्टर म्हणतात. मी काही त्याची वाट पाहत बसलेली नाही. सकाळी उठते, दोन कप चहा करते, एक ओतून देते. बाबांचे चष्मे तीन होते, तिन्ही पुसून ठेवले. बँकेतली बाई म्हणाली, सॉरी हं काकू, आणि मी तिला म्हटलं, हरकत नाही. मग बाहेर आल्यावर लक्षात आलं, मी असं म्हणाले. हात चालतात, तोंड चालतं. मधलं काही लागत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावून बघावं, तसं आहे.

अक्षरतज्ज्ञाचा विषय सध्या राहू दे.

तुझा दुसरा मुद्दा सूनबाईने सांगितला नाही, पण मला तो ठाऊक आहे. तू मागेही बोलून दाखवला होतास. तेल जुनं असो की नवं, यंत्रातून बाहेर पडणारं इंधन एकच, विमान काही पडत नाही. बरोबर आहे. विमान पडणार नाही. इंधनाची परीक्षा तू दिलीस तर पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण विमान कंपनी तुझं इंधन घेते ते कशासाठी? जे तेल एकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात वापरून झालं आणि नाहीतर गटारात गेलं असतं, त्यातून हे केलंय, एवढ्या एका वाक्यासाठी. ताजं पामतेल ओतलं तर ते वाक्य खोटं. त्या तेलासाठी कुठेतरी जंगल साफ झालेलं असतं. तिकिटाच्या मागे हिरवं पान छापलेलं बघून माणसं निर्धास्त बसतात, आणि पानाखाली माझी सही.

तुझ्या बाबांनी एकतीस वर्षं विमानांत इंधन भरलं. तू पहिल्यांदा ही कल्पना सांगितलीस तेव्हा ते काय म्हणाले, आठवतं? म्हणाले, "चांगलंय. विमान डोक्यावरून गेलं की खाली लोकांना भूक लागेल." आणि मग तू गेल्यावर आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते, आमचा मुलगा खरकट्या तेलावर विमान उडवतो. वॉचमनला दोनदा सांगितलं.

सात नंबरमध्ये काय होतं?

आई


शुक्रवार, ४ एप्रिल

चि. ढब्बू,

उत्तर नाही, म्हणून मी स्वतः शोधलं.

त्या दिवशी कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एकच मी परत केली होती. दुसरी माझ्याकडे आहे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आले, रजिस्टरमध्ये माझं नाव, वेळ आणि 'राखीव बाटली क्र. ७ नेली' असं लिहून सही केली आणि ती बाटली पिशवीत घालून घेऊन गेले. चोरी म्हणायची असेल तर रजिस्टर बघून म्हण.

बाटली तपासायला कुठे न्यायची हा प्रश्न होता. माझ्या जुन्या प्रयोगशाळेत आता माझ्या ओळखीचं फक्त घड्याळ उरलंय. शेवटी मी लंबूकडे गेले.

लंबू तुला आठवणार नाही, तू तेव्हा शाळेत होतास. माझ्या हाताखाली होता. कामाला चोख, उंचीला नको तितका. त्याने एकदा कोऱ्या लेबलांवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे नमुने येतील तसे दुसऱ्या कोणी चिकटवत जावेत. मला ड्रॉवरमध्ये सापडल्या. मी त्याच दिवशी वर कळवलं. आठवड्यात त्याची नोकरी गेली. पुढे पंधरा वर्षं नव्या मुलांना सीलची शिस्त शिकवताना मी त्याचं उदाहरण द्यायचे. नाव घेत नव्हते, पण उंची सांगत होते.

आता त्याची स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे, छापखान्याच्या वर, दोन खोल्या. केस पांढरे झालेत. मला दारात बघून तो उठून उभा राहिला, पूर्वीसारखाच, आणि डोकं दिव्याला आपटलं. खुर्ची पुसून दिली. 'या मॅडम' म्हणाला. मला वाटलं होतं, हा मला जिन्यावरूनच परत पाठवेल. पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने बाटली उजेडात धरली. महिनाभर स्थिर राहिल्यामुळे करपलेला गाळ तळाशी बसला होता आणि वर तेल स्वच्छ, लालसर सोनेरी. मग आम्लता मोजली. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्याची आम्लता चढते, हे तुला सांगायला नको. याची चढलेलीच नव्हती. लंबू म्हणाला, "मॅडम, हे तेल कढईला शिवलेलं नाही. वरून डबाभर जळकं तेल ओतून रंग आणलाय."

तुझ्या रिपोर्टात आम्लतेचा आकडा भरपूर आहे. तो सहा नंबरच्या टँकरच्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळतो. निदान एखादा अंक तरी बदलायचा. लबाडीतही आळस केलास.

लंबूने अहवाल लिहिला आणि सही करण्यापूर्वी सीलचं लेबल जवळ घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "सील तुम्ही केलं होतं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले. तो म्हणाला, "माझ्या वेळी तुम्ही विचारलं नव्हतं, का केलंस म्हणून. मीही विचारत नाही."

मग मीच विचारलं, तेव्हा का केलं होतंस. इतक्या वर्षांनी. त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, रोज चार वाजता निघायला लागायचं. बस.

अहवालाची प्रत सोबत आहे. मूळ माझ्याकडे.

आई


मंगळवार, ८ एप्रिल

चि. ढब्बू,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ती सही मी तिथे केलेली नाही. 'तिथे' हा शब्द मी जपून घातला होता. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, अर्धं खरं सांगणारी मुलगी पूर्ण खोटं सांगणारीपेक्षा हुशार असते आणि म्हणून तिला दुप्पट शिक्षा. मी वर्गात पहिली यायचे.

सही माझी आहे. बनावट नाही. अक्षरतज्ज्ञाची गरज नाही.

सव्वीस फेब्रुवारीला, बुधवारी, तू नमुने काढणाऱ्या मिश्यावाल्या गृहस्थांना खाकी पाकीट देऊन हॉस्पिटलमध्ये पाठवलंस. आत चाळीस कोरी लेबलं आणि तुझी चिठ्ठी. तीन टँकर गेटवर उभे आहेत, तू नसल्यामुळे सील होत नाहीत, मला इथून हलता येत नाही, तेवढ्या सह्या करून दे म्हणजे मी सुटेन. ते गृहस्थ दाराशी चपला काढून उभे राहिले, हॉस्पिटलमध्ये. मी त्यांना म्हटलं, बाहेर बाकावर बसा, अर्ध्या तासाने देते.

जेवणाची ट्रॉली ओढून घेतली आणि सह्या करायला लागले. तुझे बाबा जागे होते. तोंडावर मास्क, पण डोळे माझ्या हाताकडे. त्यांनी मास्क बाजूला केला. नर्सने शंभरदा बजावलं होतं, करू नका म्हणून.

"कोऱ्या लेबलावर सही?" म्हणाले. "तू?"

मी म्हटलं, "तुमचा मुलगा मोकळा होईल. येईल."

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "मग दहा जास्त कर."

दहा जास्त नव्हती, पाकिटात चाळीसच होती. चाळीसही केल्या. शेवटच्या पाच-सहा बघ, अक्षर वाकडं आलंय, कारण ते बघत होते आणि मी घाई करत होते. लंबूला नोकरीवरून घालवताना मी साहेबांना म्हटलं होतं, कोऱ्या लेबलावर सही करणाऱ्या माणसाला कुठलंही कारण पुरतं. हे मी टाईप करून दिलं होतं, दोन प्रतींत.

लेबलं तुला मिळाली. तू गुरुवारी आला नाहीस, शुक्रवारी आला नाहीस. शनिवारी दहा मिनिटं आलास आणि त्यातली सहा बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर होतास. सोमवारी दीड वाजल्यापासून मी तुला चार वेळा फोन केला. सव्वाचारला तू आलास. शर्टाला तेलाचा वास होता. "टँकर अडकला होता," म्हणालास.

मिश्यावाल्यांना मी परवा त्यांच्या घरी जाऊन भेटले. त्यांना बोलायचं नव्हतं, त्यांच्या बायकोने बोलायला लावलं. टँकर अडकला नव्हता. दहा मिनिटांत आत गेला. नमुना त्यांनी काढलाच नाही, बाटली तू भरून आणलीस आणि लेबल तू स्वतःच्या हाताने चिकटवलंस. वेळ मात्र खरी लिहिलीस. तेवढी शिस्त माझी लागली होती.

माझा फोन तेव्हा तुझ्या खिशात वाजत होता, असं ते म्हणाले.

आई


शनिवार, १२ एप्रिल
दुपारी बारा

चि. ढब्बू,

गुरुवारी तू आलास. एकटा आलास, गाडी कोपऱ्यावर लावून चालत आलास, हे मी खिडकीतून पाहिलं. स्वयंपाकघरात बसलास, बाबांच्या खुर्चीवर नाही, माझ्या. काय काय बोललास ते इथे लिहून ठेवते, कारण तू ते कुठेही लिहिणार नाहीस.

जुनं तेल मिळत नाही, म्हणालास. हॉटेलवाले आता तेच तेल दुसऱ्या दाराने विकतात, गोळा करणारे रिकाम्या हाताने येतात, आणि यंत्र बंद ठेवलं तर पुन्हा सुरू करायला आठवडा जातो. एकशे चाळीस माणसं आहेत. फेब्रुवारीत तीन टँकर कमी पडले, म्हणून सात नंबर. एकच, म्हणालास. मग मी तुझ्याकडे नुसती पाहत राहिले, तेव्हा तीन म्हणालास. सगळेच करतात, म्हणालास. हे तू आठवीतही म्हणायचास, प्रगतिपुस्तक घेऊन आल्यावर.

मग म्हणालास, "लेबलं तूच दिलीस, आई. मी मागितली आणि तू दिलीस. मी एकटा नाहीये यात."

हे अगदी खरं आहे.

तुला बाटली हवी होती. मी दिली नाही. तू जास्त मागितलीही नाहीस, हात धुतलेस, टॉवेल शोधलास, जागा बदलली का विचारलंस. दारापर्यंत गेलास आणि चपला घालताना, वर न बघता, विचारलंस, "त्या दिवशी बाबांनी माझी आठवण काढली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

तू मान हलवलीस आणि गेलास. मी चहाचे कप विसळले.

ते खोटं होतं. या पत्रात मी एवढी एक दुरुस्ती करते. त्यांनी विचारलं होतं, दोनदा. पहिल्यांदा मी म्हटलं, निघालाय. दुसऱ्यांदा, अगदी शेवटी, म्हटलं, लिफ्टमध्ये आहे. ते दाराकडे बघत राहिले. मीही बघत होते. स्वतःच सांगितलेलं मला क्षणभर खरं वाटलं होतं.

हे मी तुला रडवायला लिहीत नाही. मला स्वतःला येत नाही तर तुझ्याकडून काय अपेक्षा करणार. लिहिते, कारण चाळीस लेबलं आणि एक लिफ्ट, हे दोन्ही मी एकाच कारणासाठी केलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. तुझ्या हिशेबी यंत्र चालू राहिलं. माझ्या हिशेबी तू आला नाहीस.

आता कामाचं.

सोळा तारखेला, बुधवारी, सकाळी अकरा वाजता विमान कंपनीची तीन माणसं तुझ्या कारखान्यात येणार आहेत. तपासनीस म्हणून माझं नाव अजून त्यांच्या कागदावर आहे, त्यांनी मला बोलावलं आहे आणि मी जाणार आहे. माझा जबाब मी लिहून तयार ठेवला आहे. दोन पानं आहेत. कोऱ्या लेबलांवर मी सह्या केल्या, कधी केल्या, कुठे बसून केल्या, किती केल्या, हे सगळं त्यात आहे. का केल्या हे नाही. ते त्यांना लागणार नाही. सोबत लंबूचा अहवाल. त्यानंतर ते माझं नाव कुठे आणि कसं छापतील ते छापोत. माझ्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवरच्या नावाला जे काही व्हायचं ते होईल. तुझं नाव मी लिहिलेलं नाही. 'लेबलं दिली' असं लिहिलंय, कोणाला ते लिहिलेलं नाही. ते विचारतील, तेव्हा मला सांगावं लागेल.

तुझं तू लिही. स्वतःच्या हाताने, टाईप न करता, वकिलाला न दाखवता. तिन्ही टँकरमध्ये काय होतं, कुठून आलं, लेबल कोणी लावलं. त्या इंधनाचं प्रमाणपत्र तू मागे घेतोस, हेही. कारखाना काही दिवस बंद पडेल. कदाचित जास्त दिवस. एकशे चाळीस माणसांना तू स्वतः गेटवर उभा राहून सांग, चिठ्ठी पाठवू नकोस. मिश्यावाल्या गृहस्थांना यातून बाहेर ठेव. त्यांनी सांगितलं तेवढंच केलं आणि त्यांना झोप लागत नाही.

सूनबाईला पाठवू नकोस. फोन करू नकोस. सफरचंदं अजून आहेत.

मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात यावं. आलं, तर बुधवारी मी तुझा कागद वर ठेवीन आणि माझा त्याच्याखाली जोडीन, म्हणजे ते वाचतील तेव्हा तू सांगितलंस आणि तुझ्या आईने दुजोरा दिला, असं वाचतील. पाच वाजून एक मिनिटाने आलं तर मी घेणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी फक्त माझाच कागद जाईल.

आई